‘गाडी’ म्हणजे नक्की काय? : क्लास डायग्रामची पहिली ओळख

एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीपाशी पाच मिनिटं उभे राहा. साधारण असं काहीतरी कानावर येईल.

“साहेब, सातची सोलापूर गाडी रविवारी पण असते ना?”

“असते. पण गाडी मागूनच लेट आहे.”

“म्हणजे आजची गाडी जाणार नाही का?”

“जाणार हो. दुसरी गाडी लावतोय.”

‘गाडी’ हा एकच शब्द, चार वाक्यांत चार वेळा. पण तो एकाच गोष्टीबद्दल नाही. पहिली गाडी वेळापत्रकातली आहे : रोज सकाळी सातला सुटते ती. दुसरी आणि चौथी गाडी म्हणजे पत्र्याची, चाकांची, डिझेल पिणारी वस्तू. तिसरी गाडी म्हणजे आज, या तारखेला होणारा (किंवा न होणारा) प्रवास. आपला काही गोंधळ होत नाही, कारण माणूस संदर्भावरून अर्थ लावतो. कॉम्प्युटर लावत नाही. त्याला या तीन गोष्टी वेगळ्या आहेत हे आधी सांगावं लागतं, आणि ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगमधलं सगळ्यात महत्त्वाचं काम माझ्या मते हेच आहे.

बीसीए, बीएस्सी किंवा डिप्लोमाच्या मुलांशी बोलताना एक गोष्ट सारखी जाणवते. व्याख्या सगळ्यांना पाठ असतात. क्लास म्हणजे ब्लूप्रिंट, ऑब्जेक्ट म्हणजे त्याचा नमुना, आणि पुढे ते चार खांब : अ‍ॅब्स्ट्रॅक्शन, एनकॅप्सुलेशन, इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम. व्हायव्हाला एवढं पुरतं. पण कोरा कागद देऊन “आपल्या स्टँडच्या आरक्षणाची क्लास डायग्राम काढ” म्हटलं की पेन थांबतं. कारण कुठले क्लास असायला हवेत हे व्याख्येत कुठेच लिहिलेलं नसतं.

मी पीएच.डी.साठी प्रवासी वाहतुकीचं सिम्युलेशन करते, म्हणजे प्रत्यक्ष रस्त्यावर न जाता, कॉम्प्युटरमध्ये गाड्या सोडून प्रवासी किती वेळ ताटकळतात ते बघते. म्हणून इथे उदाहरण एसटीचं घेतलंय. एक गोष्ट आधीच स्पष्ट करते : एसटी महामंडळाचं खरं सॉफ्टवेअर आतून कसं आहे याबद्दल हा लेख नाही. आपण कागदावर आपलं स्वतःचं मॉडेल बनवतोय. कोडची एकही ओळ लागणार नाही. कागद-पेन्सिल मात्र जवळ घ्या.

आधी ऑब्जेक्ट, मग क्लास

पुस्तकात क्लास आधी येतो. डोक्यात मात्र ऑब्जेक्ट आधी आणलेला बरा.

डेपोत दोन लालपऱ्या शेजारी शेजारी उभ्या आहेत. एकाच कारखान्यात बांधलेल्या, तेवढ्याच सीटा, रंगही तोच. तरी त्या दोन आहेत. एकीचं इंजिन उघडलं म्हणून दुसरी थांबत नाही. हे ऑब्जेक्टचं पहिलं लक्षण : त्याला स्वतःची ओळख असते. दुसरं, त्याची काहीतरी अवस्था असते : किती किलोमीटर धावली, आत्ता कुठे आहे, दुरुस्तीला आहे की रस्त्यावर. आणि तिसरं, त्याला काही गोष्टी करता येतात किंवा त्याच्या बाबतीत करता येतात : दुरुस्तीला पाठवणे, मार्गावर लावणे.

आता या सगळ्या वाहनांबद्दल एकदाच, एकत्र बोलायचं झालं तर आपण म्हणतो, “प्रत्येक वाहनाला नोंदणी क्रमांक असतो, आसनसंख्या असते, धावलेले किलोमीटर असतात.” हे ‘प्रत्येक वाहनाला’वालं वाक्य म्हणजेच क्लास. क्लासमध्ये ‘किलोमीटर असतात’ एवढंच ठरतं. ते किती, हे प्रत्येक ऑब्जेक्ट स्वतःपाशी ठेवतो.

कागदावर एक चौकोन काढा आणि आडव्या दोन रेघा मारून त्याचे तीन कप्पे करा. वरच्या कप्प्यात नाव : वाहन. मधल्या कप्प्यात गुणधर्म, ज्यांना अ‍ॅट्रिब्यूट म्हणतात : नोंदणी क्रमांक, आसनसंख्या, धावलेले किलोमीटर. खालच्या कप्प्यात कृती, म्हणजे मेथड : दुरुस्तीला पाठव, मार्गावर लाव. झाला पहिला क्लास.

(पायथॉन ३ मध्ये क्लासचं नाव चक्क देवनागरीत ‘वाहन’ असं दिलं तरी चालतं. नोकरीच्या ठिकाणी कुणी देऊ देणार नाही, पण शिकताना करून बघायला मजा येते.)

एका शब्दाचे तीन चौकोन

आता मूळ प्रश्न. बरेचजण इथे ‘बस’ नावाचा एकच क्लास काढतात आणि त्यात सगळं भरतात : नोंदणी क्रमांक, सुटायची वेळ, कुठून कुठे, तारीख, आरक्षित सीटा, चालकाचं नाव. वरवर बघता काहीच चुकीचं वाटत नाही.

मग समजा, सकाळी ६:४० ला कळलं की ठरलेल्या वाहनाचा क्लच गेलाय. नियंत्रक दुसरं वाहन लावतो. आपल्या मॉडेलमध्ये दुसरं वाहन म्हणजे दुसरा ‘बस’ ऑब्जेक्ट. त्यात आरक्षित सीटांची यादी रिकामी! पंधरा दिवस आधी तिकीट काढलेल्या आजींची ११ नंबरची सीट बिघडलेल्या बसबरोबर वर्कशॉपला गेली. खऱ्या स्टँडवर असं होत नाही, कारण आजींनी सीट त्या पत्र्याच्या वस्तूतली घेतलेलीच नव्हती. त्यांनी घेतली होती ‘त्या तारखेच्या सातच्या गाडीतली’.

म्हणून प्रत्येक गुणधर्माला विचारायचं : तू नक्की कुणाचा? धावलेले किलोमीटर वाहनाचे. ‘सकाळी ७:००, सातारा ते सोलापूर, दररोज’ हे वेळापत्रकाचं. वाहन बदललं तरी बदलत नाही, तारीख बदलली तरी बदलत नाही. आरक्षित सीटा, प्रत्यक्ष सुटायची वेळ, रद्द झाली की नाही, हे त्या एका तारखेच्या प्रवासाचं.

या तिघांना तीन नावं देऊया. वस्तू ती ‘वाहन’. वेळापत्रकातली ती ‘फेरी’. आणि एका तारखेला प्रत्यक्ष होणारी ती ‘खेप’. मराठीत खेप हा शब्द आहेच, फक्त बोलताना आपण सगळ्यालाच गाडी म्हणून मोकळे होतो. १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर एसटीची पहिली गाडी धावली, असं आपण वाचतो. कुठली गाडी? वाहनाबद्दल बोलायचं तर ते नंतरही धावलं असेल. जी एकदाच झाली आणि इतिहासात गेली ती खेप.

ही फोड मी हौसेने केलेली नाही. सार्वजनिक वाहतुकीची वेळापत्रकं देवाणघेवाण करण्यासाठी जगभर जीटीएफएस नावाचं एक स्वरूप वापरतात. २००५ च्या सुमारास अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराची वाहतूक संस्था आणि गूगल यांच्या कामातून ते सुरू झालं. त्यात मार्ग वेगळा, वेळापत्रकातली ट्रिप वेगळी, आणि आजची नेमकी धाव ओळखायची असेल तर ट्रिपच्या क्रमांकाला तारीख जोडावी लागते. शिवाय ‘ब्लॉक’ नावाचा एक रकाना आहे : एकाच वाहनाने लागोपाठ करायच्या ट्रिपा त्याने एकत्र बांधल्या जातात.

हा ब्लॉक का लागतो? तर ‘गाडी मागूनच लेट आहे’ या वाक्यासाठी. समजा आपलं वाहन आधी महाबळेश्वरची खेप करून ६:३० ला साताऱ्यात पोचतं. झाडलोट, चालक-वाहक बदल यांना १५ मिनिटं. म्हणजे ६:४५ ला तयार, सातला निघायला १५ मिनिटं हातात. घाटात अडकून वाहन ४० मिनिटं उशिरा, ७:१० ला पोचलं, तर ते ७:२५ ला निघेल. चाळीस मिनिटांच्या उशिरातली १५ मिनिटं मधल्या वेळेने गिळली, २५ पुढच्या प्रवाशांच्या वाट्याला आली. ज्या मॉडेलमध्ये वाहन आणि खेप एकच चौकोन आहे त्यात हा हिशोबच मांडता येत नाही, कारण ‘त्याच वाहनाची आधीची खेप’ हे वाक्य लिहायला जागाच नाही. माझ्या सिम्युलेशनमधला प्रवाशांचा निम्मा वैताग या एका वाक्यातून येतो. ते वाक्य बाहेर राहिलं तर उत्तर सुंदर येईल, फक्त खोटं असेल.

रेघा आणि त्यावरचे आकडे

तीन चौकोन काढलेत? आता त्यांच्यामध्ये रेघा. क्लास डायग्राममधली साधी रेघ म्हणजे ‘या दोघांचा संबंध आहे’. पण तिची खरी किंमत दोन टोकांना लिहिलेल्या आकड्यांत आहे. रेघ कायम दोन्ही दिशांनी, पूर्ण वाक्य करून वाचायची.

फेरी आणि खेप : एका फेरीच्या अनेक खेपा होतात, म्हणून खेपेच्या टोकाला तारा, *. एक खेप नेमकी एकाच फेरीची असते, म्हणून फेरीच्या टोकाला १. (जादा गाड्यांचं काय? आषाढीला पंढरपूरला सोडतात त्या वेळापत्रकात नसतात. मग त्या बाजूला ०..१ लिहावं लागेल : शून्य किंवा एक. बघा, एका आकड्याने आषाढीची आठवण करून दिली.)

वाहन आणि खेप : एक वाहन अनेक खेपा करतं, तारा. उलट वाचा : एका खेपेला किती वाहनं? पटकन ‘एक’ म्हणाल. पण आरक्षण कितीतरी दिवस आधी सुरू होतं, तेव्हा वाहन ठरलेलंच नसतं. म्हणजे ०..१. आणि म्हसवडच्या पुढे टायर फुटून दुसरं वाहन बोलवावं लागलं तर? त्या खेपेला दोन वाहनं झाली. तुमच्या कामाला हे महत्त्वाचं असेल तर तारा लिहा आणि मध्ये ‘नेमणूक’ नावाचा चौथा चौकोन आणा : कुठलं वाहन, कुठपासून कुठपर्यंत. महत्त्वाचं नसेल तर सोडून द्या. काय सोडायचं ते ठरवणं म्हणजेच तो पाठ केलेला पहिला खांब, अ‍ॅब्स्ट्रॅक्शन. वाहनाचा रंग आपण लिहिला नाही, तेव्हा तुम्ही तो वापरलाही.

रेघेच्या टोकाला समभुज चौकोन काढतात तेही सांगते. काळा भरलेला असेल तर ‘हा त्याचा भाग आहे, मुख्य गेला की हाही जातो’ : खेप आणि तिच्या सीटांची वाटणी. पोकळ असेल तर सैल नातं : आगार आणि त्याची वाहनं, आगार बंद झालं तरी वाहनं दुसरीकडे जातात. पोकळ चिन्हावर परीक्षेत प्रश्न येतो म्हणून लक्षात ठेवा. कामात मी साधी रेघच मारते, फारसं काही बिघडत नाही.

ही चिन्हं कुणी ठरवली? १९९० च्या दशकात ग्रेडी बूच, जेम्स रम्बॉ आणि इव्हार जेकबसन या तिघांच्या वेगवेगळ्या पद्धती एकत्र करून यूएमएल तयार झालं आणि १९९७ मध्ये ते प्रमाण म्हणून स्वीकारलं गेलं. क्लासची कल्पना त्याहून बरीच जुनी. नॉर्वेत ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन निगार्ड यांनी १९६० च्या दशकात सिम्युला ही भाषा बनवली, ती सिम्युलेशनसाठीच. क्लास, ऑब्जेक्ट, सबक्लास हे सगळं सिम्युला ६७ मध्ये आहे; दोघांना २००१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. पुढे ब्यार्न स्ट्राउस्ट्रुप यांनी केंब्रिजला पीएच.डी. करताना आपलं सिम्युलेशन सिम्युलात लिहिलं. क्लासची सोय आवडली, पण प्रोग्रॅम फार संथ चालायचा. त्या अनुभवातून १९७९ मध्ये त्यांनी सी भाषेला क्लास जोडायला घेतलं, आणि त्याचंच पुढे सी प्लस प्लस झालं. पीएच.डी.च्या वैतागातून काय काय निघू शकतं बघा!

वजाचं चिन्ह

खेपेच्या चौकोनात ‘शिल्लक सीटा’ लिहा आणि त्यापुढे वजा (−) काढा. वजा म्हणजे खासगी : बाहेरच्या कुणी हात लावायचा नाही. खालच्या कप्प्यात ‘सीट राखून ठेव’ आणि पुढे अधिक (+) : हे सगळ्यांना वापरता येतं.

का? कारण शिल्लक आकडा कोणीही बदलू शकत असेल तर तो कधी कमी करायचा, रद्द केल्यावर कधी वाढवायचा, चव्वेचाळीसच्या वर जाऊ द्यायचा का, हे नियम दहा ठिकाणी लिहावे लागतात, आणि अकराव्या ठिकाणी कुणीतरी विसरतो. मग एका सीटवर दोन प्रवासी भांडत उभे. खिडकीच्या आतला माणूस वही स्वतः लिहितो, आपण फक्त सीट मागतो. एनकॅप्सुलेशन म्हणजे ती खिडकी. (दोन खिडक्यांनी एकाच क्षणी तीच सीट विकली तर काय, हा प्रश्न नुसत्या वजाने सुटत नाही. तो वेगळा आणि मोठा विषय आहे.)

चालक, वाहक, आणि चालक तथा वाहक

आता इनहेरिटन्स, म्हणजे वारसा. इथे सगळ्यात जास्त उत्साह असतो आणि सगळ्यात जास्त फसगतही इथेच होते.

‘कर्मचारी’ असा चौकोन काढा : नाव, बिल्ला क्रमांक. खाली ‘चालक’ आणि ‘वाहक’ असे दोन चौकोन. दोघांपासून वर कर्मचाऱ्याकडे रेघ आणि टोकाला पोकळ त्रिकोण. वाचायचं असं : चालक हा कर्मचारी आहे, वाहक हा कर्मचारी आहे. नाव, बिल्ला पुन्हा लिहायला नको, ते वरून येतं. पाठ्यपुस्तक इथे थांबतं.

पण एसटीत ‘चालक तथा वाहक’ असंही पद आहे. एकच माणूस, दोन्ही कामं. आता कुठे बसवणार? तिसरा चौकोन काढून त्याला दोघांचा वारस करायचं म्हटलं तर जावा तुम्हाला अडवेल, एका क्लासला दोन पालक क्लास तिथे चालत नाहीत. सी प्लस प्लस आणि पायथॉनमध्ये चालतात, पण मग नाव आणि बिल्ला दोन वाटांनी येतात आणि त्या गुंत्याचे नियम शिकावे लागतात. शिवाय जावासारख्या भाषेत ऑब्जेक्ट एकदा ‘चालक’ म्हणून जन्मला की नंतर ‘वाहक’ होऊ शकत नाही. माणसं मात्र होतात : आज चालक म्हणून, उद्या वाहक म्हणून.

गोची भाषेची नाही, आपल्या वाक्याची आहे. ‘तो चालक आहे’ असं आपण म्हणतो, पण खरं वाक्य ‘त्या खेपेवर तो चालकाचं काम करतोय’ असं आहे. चालकपण माणसाच्या जातकुळीत नसून माणूस आणि खेप यांच्यातल्या नात्यात आहे. म्हणून ‘कर्मचारी’ एकच ठेवा, आणि खेपेपासून त्याच्याकडे दोन रेघा काढा : एकीवर लिहा ‘चालक’, दुसरीवर ‘वाहक’. चालक तथा वाहक असेल तर दोन्ही रेघा एकाच माणसापाशी जातात. नवा क्लास नाही, गुंता नाही. ‘आहे’ ऐकू आलं की लगेच त्रिकोण काढू नका. ते ‘आहे’ जन्मभराचं आहे की ड्युटीपुरतं, एवढं विचारा.

मग वारसा कुठे शोभतो? भाड्यात. ‘सवलत’ हा वरचा चौकोन, आणि त्याला एकच प्रश्न विचारता येतो : मूळ भाडं इतकं, तर घ्यायचं किती? खाली मुलांचं अर्धं तिकीट, ज्येष्ठांची सवलत, असे चौकोन; प्रत्येकजण त्याच प्रश्नाचं आपापलं उत्तर देतो. हेच पॉलिमॉर्फिझम. २०२२ मध्ये पंचाहत्तरीच्या पुढच्यांना मोफत प्रवास आला, मार्च २०२३ मध्ये महिलांना ५० टक्के सवलत आली. नियम एकाच लांबलचक ‘जर-नाहीतर’मध्ये कोंबलेले असतील तर दर वेळी तीच ओळ उसवायची, आणि उसवताना आधीची सवलत बिघडायची भीती. वेगळे चौकोन असतील तर नवा चौकोन जोडायचा. जुन्यांना हात लागत नाही.

इथवर तुमच्या कागदावर वाहन, फेरी, खेप, कर्मचारी आणि सवलत असायला हवेत. अजून ‘तिकीट’ नाही. ते तुम्ही काढा. प्रवासी आहेत ७८ वर्षांच्या आजी, म्हणजे दोन सवलती लागू होतात : एकीप्रमाणे शून्य, दुसरीप्रमाणे निम्मं. त्यातली कुठली लावायची हे कोण ठरवणार : तिकीट, सवलत, की प्रवासी? आणि तिकिटाची रेघ तीन गाड्यांपैकी कुठल्या गाडीला जोडणार?